टाइम लूपच्या प्रेमकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोच दिवस पुन्हा उजाडतो. एकाला कालचं सगळं आठवतं, समोरच्याला काहीच नाही. एवढ्या एका युक्तीवर इतक्या प्रेमकथा उभ्या राहिल्या आहेत की त्यांच्याबद्दलचे प्रश्नही आता ओळखीचे झाले आहेत. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना काही कथांचे शेवट उघड करावे लागले, ते आधी कळायला नको असतील तर त्या कथा पाहून किंवा वाचून मग इकडे यावं.

टाइम लूप म्हणजे नेमकं काय? कालप्रवासाच्या कथेहून लूपची कथा वेगळी कशी?

कालप्रवासात माणूस दुसऱ्या काळात जातो. लूपमध्ये तो कुठेच जात नाही, काळच मागे सरकतो आणि ठरलेल्या क्षणापासून पुन्हा सुरू होतो. हा फेरा एका दिवसाचा असू शकतो, वीस मिनिटांचा किंवा पंचवीस वर्षांचाही. फेरा संपला की पैसा, जखमा, भांडणं, दिलेली वचनं असं सगळं पुसलं जातं. मागे उरते ती फक्त अडकलेल्या माणसाची आठवण आणि त्या आठवणीतून हाताला लागलेली कौशल्यं. म्हणूनच या कथांमधली माणसं पियानो शिकतात, परकी भाषा शिकतात, पण साधं पत्रसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत जपून ठेवू शकत नाहीत.

ही कल्पना किती जुनी आहे?

बहुतेकांना ती १९९३च्या ‘ग्राउंडहॉग डे’मुळे माहीत झाली. हॅरॉल्ड रॅमिस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एक तिरसट हवामान-निवेदक २ फेब्रुवारी या तारखेत अडकतो. पण कल्पना त्याच्या बरीच आधीची आहे. रिचर्ड लुपॉफ यांची दुपारच्या एका तासात अडकलेल्या माणसाची कथा १९७३मध्ये आली होती. केन ग्रिमवुड यांच्या ‘रिप्ले’ या १९८६च्या कादंबरीचा नायक त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने मरतो आणि अठरा वर्षांचा होऊन कॉलेजच्या खोलीत जागा होतो, एकदा नव्हे, अनेकदा.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे ती रशियन विचारवंत प. द. उस्पेन्स्की यांची १९१५ची छोटी कादंबरी. तिचा नायक ओसोकिन प्रेयसीला गमावून बसतो. ‘आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी एकही चूक करणार नाही,’ असं म्हणत तो एका जादूगाराकडे जातो. जादूगार त्याला आठवणींसकट बारा वर्षं मागे, शाळेच्या दिवसांत पाठवतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असतं. तरीही तो त्याच चुका, त्याच क्रमाने करत जातो. कळलं म्हणून वळलं असं होत नाही, हे या प्रकाराच्या जन्माच्या वेळीच इतक्या कठोरपणे सांगून झालं होतं आणि ते सांगायला लेखकाने प्रेमभंगाचीच गोष्ट निवडली होती.

आणखी मागे जायचं तर डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्ड यांचं १८४३चं ‘पुनरावृत्ती’ हे पुस्तक आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. या पुस्तकाचा निवेदक एकदा आवडलेल्या बर्लिनला पुन्हा जातो, त्याच घरात उतरतो, त्याच नाट्यगृहात बसतो. गेलेला अनुभव तसाच्या तसा परत मिळतो का, हे त्याला पाहायचं असतं आणि तो मिळत नाही. त्यात काळाची जादू नाही, पण लूपच्या प्रेमकथांना पुढे जो प्रश्न छळतो तो नेमका हाच आहे.

ही युक्ती प्रेमकथेलाच एवढी का शोभते?

‘दुसरी संधी मिळते म्हणून’ हे उत्तर सगळे देतात. ते चूक नाही, पण मला ते अपुरं वाटतं. दुसरी संधी तर कालप्रवासातही मिळते, स्वप्नातही मिळते.

नेहमीच्या प्रेमकथेत अडथळे बाहेरून येतात. घरच्यांचा विरोध, अंतर, गैरसमज, तिसरी व्यक्ती, वेळ चुकणं. लूप यातलं बहुतेक सगळं बाजूला करतो. वेळ हवा तेवढा आहे, चूक झाली तर ती पुसली जाणार आहे, लोक काय म्हणतील याची भीती नाही. एवढं सगळं काढून घेतल्यावर अडथळा एकच उरतो, तो म्हणजे प्रेम करणारा माणूस स्वतः. समोरच्या व्यक्तीकडे त्याला नीट बघता येत नाही. ते यायला किती दिवस लागतात याचीच ही गोष्ट असते.

दुसरं कारण मला त्याहून खोल वाटतं. समोरची व्यक्ती रोज सकाळी पूर्ण मोकळी असते. काल तिच्यासाठी केलेली धावपळ, घेतलेला त्रास, काढलेली समजूत यातलं काहीही तिच्या डोक्यावर कर्ज म्हणून राहत नाही. ‘मी तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्यच या जगात उच्चारता येत नाही. उच्चारलं तर ते तिच्या बाजूने खरं नसतं, कारण तिच्या आयुष्यात तसं काही घडलेलंच नाही. नात्यांत आपण नकळत हक्क साठवत जातो. इतकी वर्षं सोबत आहोत, इतकं सोसलं आहे, तेव्हा आता एवढं तरी मिळायला हवं, असं वाटू लागतं. लूपच्या कथेत हा साठा रोज रिकामा होतो. आज ती हसली तर ती आजच्याच वागण्यावर हसलेली असते, आणि तिचा होकार आला तर तोही आजचाच असतो.

या कथा आपल्याला इतक्या हव्याशा वाटतात त्याचं मूळ मला इथे दिसतं. कोणत्याही उपकाराच्या ओझ्याविना कुणीतरी आपल्याला निवडावं, आणि उद्या पुन्हा अगदी पहिल्यापासून निवडावं, ही इच्छा फार जुनी आहे. लूप तिला कथेचा नियम करून टाकतो.

एकाला सगळं आठवतं, दुसऱ्याला काहीच नाही. ही फसवणूक नाही का?

आहे, किंवा सहज होऊ शकते. हा या प्रकारावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे आणि चांगल्या कथा तो टाळत नाहीत, त्यालाच कथेचा कणा करतात.

‘ग्राउंडहॉग डे’मधला हवामान-निवेदक फिल आधी हेच करतो. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या रीटाला कोणतं पेय आवडतं, ती कशासाठी ग्लास उंचावते, कॉलेजात काय शिकली, हे तो एका फेऱ्यात विचारून घेतो आणि पुढच्या फेऱ्यात तीच उत्तरं आपल्या आवडी म्हणून तिच्यासमोर ठेवतो. ती फ्रेंच कविता शिकली हे ऐकून आधी हसलेला माणूस दुसऱ्या वेळी फ्रेंच कविता म्हणून दाखवतो. तिला वाटतं, आपले सूर जुळताहेत. प्रत्यक्षात तिच्यासमोर तिचंच प्रतिबिंब धरलेलं असतं. आणि चित्रपट इथे ठाम राहतो: एकामागून एक रात्री, प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांवरून, तिचा हात त्याच्या गालावर पडतो. त्याच्याकडे माहिती शंभर टक्के आहे, तरीही काहीतरी खोटं आहे हे तिला दर वेळी उमगतं.

त्यातलाच बर्फातला प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. एका संध्याकाळी दोघं बर्फाचा माणूस करतात, मुलांबरोबर बर्फाचे गोळे फेकतात, एकमेकांवर पडतात, आणि ते सगळं आपोआप, गंमत म्हणून घडतं. पुढच्या फेऱ्यात फिल तीच संध्याकाळ पुन्हा उभी करू पाहतो. गोळे तेच, पडणं तेच, पण आता त्याला घाई आहे आणि रीटा अवघडून जाते. किर्केगार्डचा निवेदक बर्लिनमध्ये जिथे हरला तिथेच हाही हरतो. आनंदाची कृती तेवढी पुन्हा करता येते, आनंद नाही.

‘पाम स्प्रिंग्स’ हा २०२०चा चित्रपट हाच प्रश्न आणखी टोकाला नेतो. लग्नाच्या दिवसात फार काळ अडकलेला नाइल्स आणि त्याच्यामागून चुकून त्या फेऱ्यात आलेली सारा. ‘आपण याआधी कधी एकत्र झोपलो होतो का?’ या तिच्या थेट प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणतो. ते खोटं असतं. तिला न आठवणाऱ्या फेऱ्यांत ते अनेकदा घडलेलं असतं. हे कळतं तेव्हा ती संतापून त्याला सोडून जाते, आणि कथा तिच्या संतापाला पूर्ण जागा देते. माझ्या मते त्या चित्रपटातली ही सगळ्यात प्रामाणिक जागा आहे.

मग रेष कुठे ओढायची? माहिती असणं हा गुन्हा नाही, ती टाळताही येत नाही. ती कशासाठी वापरली जाते हे पाहावं. तिला थंडी सोसत नाही हे ठाऊक असल्याने खिडकी लावून घेणं वेगळं आणि तिचं आवडतं वाक्य तिच्याच तोंडावर फेकून मन जिंकणं वेगळं. पहिल्यात तिचा दिवस थोडा बरा जातो. दुसऱ्यात तिचा निर्णय तिच्या हातून काढून घेतला जातो. कथा वाचताना एक कसोटी लावून बघण्यासारखी आहे: या माणसाने खरं काय ते आत्ता तिला सांगितलं तर तिला आदर वाटेल की किळस येईल?

फिलच्या कथेचा शेवट पाहा. त्या शेवटच्या दिवशी तो रीटाच्या मागे लागत नाही. गावात ज्याला जी मदत लागणार ती करत फिरतो. संध्याकाळी अविवाहित पुरुषांच्या गमतीच्या लिलावात रीटाच त्याच्यावर बोली लावते, जवळ होते नव्हते ते सगळे ३३९ डॉलर आणि ८८ सेंट देऊन. पाठलाग तो थांबवतो, तेव्हा ती स्वतः पुढे येते.

एका दिवसात प्रेम बसतं हे पटतं का? समोरच्या व्यक्तीला तर एकच दिवस मिळतो.

जन्मभराचं प्रेम एका दिवसात होत नाही, पण जवळीक होऊ शकते. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना हळूहळू अधिक खासगी होत जाणारे ३६ प्रश्न एकमेकांना विचारायला दिले होते. सुमारे पाऊण तासात त्या जोड्यांना, नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा, एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटू लागली. यात ‘एकमेकांना’ हा शब्द कळीचा आहे. दोघांनीही उघडं व्हायचं होतं.

लूपमधला माणूस नेमका इथेच अडखळतो. तिच्याबद्दल त्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो विचारायचं सोडून देतो. आणि स्वतःबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट, आपण अडकलो आहोत ही, तो लपवतो, म्हणजे उघडं व्हायचंही सोडतो. वारंवार दिसणारी गोष्ट आपल्याला अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८मध्ये दाखवून दिलं होतं, पण लूपमध्ये ही ओळख एकाच बाजूला वाढत जाते. त्याला ती हजाराव्यांदा दिसते, तिला तो पहिल्यांदा. म्हणून एका दिवसाचं प्रेम पटायला हवं असेल तर त्या दिवशी तिलाही त्याच्याबद्दल काहीतरी खरं कळायला हवं. ज्या कथांत हे घडत नाही त्यांचा शेवट कितीही गोड असला तरी मला पचत नाही.

दोघंही एकाच फेऱ्यात अडकले तर?

तर गोष्टीचा रंगच पालटतो. फसवणुकीचा प्रश्न बराचसा मिटतो आणि एकटेपणाचा पुढे येतो. साऱ्या जगात आपल्यासारखं कालचं आठवणारं आणखी एक माणूस आहे, हा शोधच आधी प्रेमासारखा वाटतो. ‘रिप्ले’मधल्या जेफला पामेला सापडते ती फार सुंदर रीतीने. आधीच्या कुठल्याच आयुष्यात नसलेला एक चित्रपट अचानक प्रदर्शित होतो आणि त्यावरून त्याला कळतं की हे करणारं माणूसही परत आलेलं आहे. पुढे ग्रिमवुड एक क्रूर नियम आणतात: प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा उशिरा सुरू होतो. म्हणजे दोघांना मिळणारा काळ आटत जातो. अमर्याद वेळेची कथा बघता बघता उरलेल्या वेळेची कथा होते. या प्रकारातल्या प्रेमकथांत मला हा नियम सगळ्यात हुशार वाटतो.

इथे वेगळी शंका येते: दुसरं कुणी नाहीच म्हणून हे प्रेम आहे का? २०२१चा ‘द मॅप ऑफ टायनी परफेक्ट थिंग्ज’ तिला चांगलं उत्तर देतो. मुलगा समजत असतो की ही आपली गोष्ट आहे, आपल्याला एक मुलगी भेटली आहे. प्रत्यक्षात फेरा तिचा असतो. तिची आई मरणाच्या दारात असते आणि तिला तो दिवस संपायला नको असतो. मुलाला हे कळतं तेव्हा आपण नायक नाही, दुसऱ्याच्या दुःखात सोबतीला आलेलो आहोत, हे त्याला स्वीकारावं लागतं.

तेच तेच वाचून कंटाळा येत नाही का?

लेखकाने सांभाळलं नाही तर येतोच. २००९मध्ये ‘द मेलँकली ऑफ हारुही सुझुमिया’ या जपानी ॲनिमे मालिकेने सुट्टीच्या शेवटच्या दोन आठवड्यांचा फेरा तब्बल आठ भागांत, जवळपास सारख्याच संवादांसह दाखवला. प्रत्येक भाग नव्याने चितारला होता, कपडे आणि कॅमेऱ्याचे कोन वेगळे होते, तरी प्रेक्षक वैतागले. पण त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. फेरा १५,५३२ वेळा होतो आणि तो प्रत्येक वेळी आठवणारी एकच मुलगी असते, कोपऱ्यात गप्प बसणारी. आठ भागांनी आलेला आपला थकवा तिच्या थकव्यापुढे काहीच नाही, हे जाणवतं तेव्हा त्या प्रयोगामागचा हेतू कळतो. तरी असा प्रयोग एकदाच करावा.

चांगल्या कथेत पुनरावृत्ती कमी आणि फरक जास्त असतो. पहिला दिवस सविस्तर सांगितला जातो. दुसऱ्यात आपण ओळखीच्या खुणा शोधतो, तिसऱ्यापासून लेखक नुसत्या खुणांनी काम भागवतो. रेडिओवरचं गाणं सुरू झालं की पुढचा तासभर काय झालं ते आपल्याला न सांगता कळतं. हीच गाण्याच्या ध्रुवपदाची ताकद आहे: शब्द तेच, पण मधल्या कडव्याने त्यांचा अर्थ बदललेला असतो.

माणूस नेमका किती दिवस अडकलेला असतो?

बहुतेक चांगल्या कथा आकडा सांगत नाहीत आणि तेच बरं. ‘ग्राउंडहॉग डे’बद्दल रॅमिस आधी दहा वर्षं म्हणाले होते, नंतर तीस-चाळीस म्हणाले. पडद्यावर आकडा कुठेच नाही.

फेरा का सुरू झाला याचं कारण सांगायलाच हवं का?

नाही. ‘ग्राउंडहॉग डे’च्या एका मसुद्यात दुखावलेल्या जुन्या प्रेयसीचा शाप हे कारण घातलं होतं, ते पुढे काढून टाकलं. कारण आलं की सगळ्यांचं लक्ष उपायावर जातं.

फेरा सुटतो कसा? खऱ्या प्रेमाने सुटावा का?

‘खरं प्रेम झालं आणि फेरा सुटला’ हा शेवट लोकप्रिय आहे, पण त्यात धोका आहे. प्रेम चावी झालं की प्रेयसी कुलूप होते. ती मिळवली की सुटका, म्हणजे तिच्यावर प्रेम करण्यामागे स्वार्थ आलाच. त्यामुळे शहाणे लेखक नायकाला सुटकेची अट कळूच देत नाहीत. सुटायची आशा त्याने सोडलेली असते, तेव्हाच फेरा सुटतो.

दुसरी वाट ‘पाम स्प्रिंग्स’मधल्या साराची आहे. ती नाइल्सच्या प्रेमावर सुटकेचा भार टाकत नाही. ती रोज त्याच दिवशी बसून भौतिकशास्त्र शिकते, बकरीवर प्रयोग करून बघते आणि बाहेर पडायचा मार्ग स्वतः काढते. नाइल्स मात्र आत राहायला तयार असतो. त्याला तो एकसारखा दिवस सुरक्षित वाटतो. मग प्रेमाचा प्रश्न असा उरतो: उद्या काय होईल ठाऊक नसताना माझ्याबरोबर बाहेर येशील का? चावीवाल्या शेवटापेक्षा हा प्रश्न मला कितीतरी मोठा वाटतो. ती सकाळ तिच्यासाठी का असह्य आहे हेही कथेने चोख ठरवलंय. बहिणीचं लग्न ज्या मुलाशी होणार आहे त्याच्याच खोलीत ती रोज जागी होते. आदल्या रात्रीची चूक फेऱ्याच्या बाहेर आहे, तिला ती पुसता येत नाही.

ही युक्ती फक्त नव्या प्रेमासाठीच आहे का? जुनं लग्न असेल तर?

उलट, तिथे ती सगळ्यात जास्त दुखावते. डॅनिश लेखिका सोलवाय बाल्ले यांच्या कादंबरीमालेचा पहिला खंड २०२०मध्ये आला, आणि मालेला २०२२चा नॉर्डिक कौन्सिल साहित्य पुरस्कार मिळाला. जुन्या पुस्तकांचा व्यवसाय करणारी तारा १८ नोव्हेंबरमध्ये अडकते. नवऱ्यावर, थॉमसवर तिचं प्रेम आहे. ती घरी येते, त्याला सगळं सांगते आणि तो विश्वास ठेवतो. इथे खलनायक नाही, संशय नाही, भांडण नाही. दुसऱ्या सकाळी तिला पुन्हा सगळं सांगावं लागतं. तो पुन्हा विश्वास ठेवतो. असं कित्येक दिवस चालतं, आणि मग एक दिवस ती सांगायचं थांबवते. त्याच घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत, त्याला कळू न देता राहू लागते. भिंतीपलीकडे त्याच्या पावलांचा, भांड्यांचा आवाज ऐकते. त्याचा दिवस तिला मिनिटामिनिटाने पाठ होतो.

बाल्ले यांनी एक नियम बदलला आहे: ताराचं शरीर मागे जात नाही. तिच्या हातावरचा भाजल्याचा डाग हळूहळू भरत येतो. म्हणजे ती थॉमसपासून वयानेही दूर जाते आहे. जोडीदारांपैकी एक बदलत गेला आणि दुसरा तिथेच राहिला, ही अनेक घरांतली गोष्ट आहे. लांबच लांब संसारातल्या या अंतराबद्दल इतकं अचूक मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे, आणि त्यात कुणीही वाईट नाही हे त्याहून अवघड.

एकदाच मागे जाऊन आयुष्य नव्याने जगणाऱ्या नायिकांच्या कथा याच प्रकारात येतात का?

नात्यातल्या आहेत, पण वेगळ्या. कोरियन वेब-कादंबऱ्यांत आणि त्यांवरच्या मालिकांत हा प्रकार फार रुळला आहे: विश्वासघात होऊन मेलेली नायिका काही वर्षं मागे जागी होते आणि या वेळी डाव ओळखून खेळते. तिथे इंधन पश्चात्तापाचं आणि सूडाचं असतं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांच्या १९९५च्या अभ्यासाप्रमाणे नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी डाचतात, पण मागे वळून सगळं आयुष्य पाहिलं की न केलेल्या गोष्टी जास्त डाचतात. न बोललेलं प्रेम, न केलेला फोन. एकदा मागे नेणारी कथा या दुसऱ्या जखमेवर फुंकर घालते. लूप बहुधा पहिल्या जखमेपासून सुरू होतो, कालच्या ताज्या चुकीपासून, आणि ‘ती दुरुस्त केली तरी तू तोच आहेस, त्याचं काय?’ इथवर नेतो.

मला अशी प्रेमकथा लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

जो अडकलेला नाही त्याच्यापासून. नायक अडकायच्या आधी, नायिकेचा तो दिवस नायकाशिवाय कसा गेला असता हे संपूर्ण लिहून काढा. ती कुणाच्या फोनची वाट बघते आहे, दुपारी तिचं कशावरून बिनसतं, संध्याकाळी ती एकटी असताना काय करते. ही पान-दोन पानं कथेत येणारही नाहीत, पण ती नसतील तर नायिका बाहुली होते आणि वाचकाला ते लगेच कळतं. नायकाला हळूहळू जे सापडायचं आहे ते आधी तिथे असायला हवं.

दिवस निवडताना फार मोठा प्रसंग टाळा. अपघात, बॉम्ब, खून असले की प्रेमाला बचावकार्यातून उसंत मिळत नाही. त्यातूनही साधता येतं, हे २०१४च्या ‘एज ऑफ टुमारो’ने दाखवलं. युद्धातल्या एका ओसाड घरात नायक नायिकेच्या कॉफीत न विचारता तीन चमचे साखर घालू लागतो आणि तिच्या लक्षात येतं की आपण इथे आधीही आलो आहोत, आणि इथून पुढे तो आपल्याला कधीच वाचवू शकलेला नाही. ती स्वतः एकेकाळी अशाच फेऱ्यात असते, म्हणून तिला ते चटकन कळतं. तीन चमचे साखर हे प्रेमाचं कबुलीवाक्य होऊ शकतं, पण त्यासाठी बाकीचा सारा गोंगाट थांबवता आला पाहिजे.

आणि मध्यावर एक फेरा असा ठेवा ज्यात नायक काहीच करत नाही, नुसता बघतो.

शेवट गोडच हवा का?

प्रणयकथा म्हणून वाचकासमोर ठेवणार असाल तर हो, निदान आशेचा तरी हवा. त्या प्रकाराचा वाचकाशी तसा करारच असतो.

फेरा सुटल्यावर त्या दोघांचं पुढे काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि मला तो सगळ्यात जास्त छळतो. बहुतेक कथा नवी तारीख उजाडली की थांबतात. पण त्या सकाळी एकाकडे कित्येक वर्षांची आठवण असते आणि दुसऱ्याकडे एका दिवसाची. तिचं बालपण, तिच्या भीती, रागावली की ती काय बोलते हे त्याला पाठ असतं. तिला त्याचं आडनाव कदाचित नुकतंच कळलेलं असतं. तो सांगेल का? सांगितलं तर तिला पाळत ठेवल्यासारखं वाटेल. नाही सांगितलं तर तो जन्मभर काहीतरी लपवत राहील. शिवाय आता प्रत्येक चूक टिकणार, पुसायची सोय गेली. हजार फेऱ्यांत न घाबरता बोलायला शिकलेला माणूस पहिल्याच भांडणात गप्प होऊन जाईल, अशी मला दाट शक्यता वाटते.

डॅनी रुबिन यांच्या ‘ग्राउंडहॉग डे’च्या मूळ संहितेत याचं एक धीट उत्तर होतं. फिल सुटतो आणि मग कळतं की रीटाही आपल्या फेऱ्यात अडकलेली आहे. अंतिम चित्रपटात ते नाही, पण नुसत्या त्या कल्पनेनेही तोल सावरतो, कारण आता न आठवण्याची पाळी त्याची. यापुढची गोष्ट, म्हणजे दोघांपैकी एकाच्याच आठवणीत घडलेला संसार आणि तो दोघांचा करायला लागणारी वर्षं, ही एका अख्ख्या कादंबरीची सामग्री आहे. कुणी लिहायला घेणार असेल तर पहिलं प्रकरण त्याने तिला सांगायचं ठरवलं त्या दिवसापासून सुरू करावं.